मोडलेले धड आणि घडवलेले धड

मस्तक व हातपाय वगळून केवळ धडापुरत्या राहिलेल्या मानवाकृतीला कलाव्यवहारात ‘टॉर्सो’ म्हणतात. अभिजात शिल्पांचा वारसा म्हणून हा प्रकार आज ओळखला जात असला, तरी त्याचा उगम शिल्पकाराच्या संकल्पनेत नसून पडझडीत आहे. व्हॅटिकनमधील ‘बेल्व्हेडेर टॉर्सो’वर अपोलोनिऑस या अथेन्सच्या शिल्पकाराची स्वाक्षरी आहे, त्याने पुतळा अखंड घडवला, तो मोडला काळाने, आणि त्या मोडलेल्या धडाच्या पिळदार स्नायूंचे मोल मायकेलअँजेलोने ओळखले. तरीही पुढे दीर्घकाळ भग्नता हा दोषच मानला गेला. शिल्पकार कानोव्हाने अथेन्समधील पार्थेनॉन मंदिराच्या भग्न शिल्पांना दुरुस्तीसाठी हात लावण्याचे नाकारले खरे, पण शिल्पकार थोरवाल्डसेनने एजायना या ग्रीक बेटावरील शिल्पांना नवे अवयव जोडले. ते जोड 1960च्या दशकात काढून टाकण्यात आले. (खंडित मूर्ती पूजेतून बाद करून तिचे विसर्जन करणाऱ्या आपल्या परंपरेला थोरवाल्डसेनची अस्वस्थता अधिक सहज उमगावी.)

भग्नतेला निवडीचे रूप दिले ते प्रामुख्याने शिल्पकार रोदँने. 1900 साली पॅरिसमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘चालणारा माणूस’ या शिल्पात त्याने आपल्याच संत जॉनच्या पुतळ्याशी संबंधित जुन्या अभ्यासातील धड आणि पाय एकत्र जोडले, धडाच्या मातीला गेलेले तडे ओतकामातही तसेच राहू दिले आणि मस्तक व हात गाळले. चालताना मागची टाच उचलली जाते, येथे मात्र दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले आहेत. असे असूनही गती जाणवते, कारण पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यावरील भावात न अडकता कंबरेच्या पिळातून जांघेकडे वाहत जाते. येथे गाळलेला प्रत्येक अवयव उरलेल्या शरीराचे काम वाढवतो, आणि टॉर्सोची खरी कसोटीही हीच आहे.

उत्तरकालीन भग्नाकृती शिल्पांपैकी बरीचशी या कसोटीवर उतरत नाहीत. पोलंडमधील क्राकूव्हच्या मुख्य चौकातील इगोर मितोराय यांचे ‘एरॉस बेंदातो’ हे पट्ट्यांनी गुंडाळलेले, आडवे पडलेले पोकळ ब्राँझमस्तक भव्य आहे खरे, परंतु त्यात अवशेषाचा नुसता देखावा उरतो. तुटलेपण शरीररचनेतून येत नाही, ते वरून चढवलेले वाटते. तयार भेगा पाडून आणि कडा मुद्दाम ओबडधोबड ठेवून केलेली असंख्य शोभेची धडे तर याहूनही सोपी वाट धरतात.

या साचलेपणाला सर्वांत समर्थ उत्तर शिल्पकार मार्क क्विन यांनी दिले. जन्मतः हात नसलेल्या आणि पाय आखूड असलेल्या चित्रकार ॲलिसन लॅपर यांचे त्यांनी घडवलेले गर्भवती अवस्थेतील पांढऱ्या संगमरवरातील शिल्प 2005 ते 2007 या काळात लंडनच्या ट्रफाल्गर चौकातील चौथऱ्यावर उभे होते. दगड, शुभ्रता आणि गुळगुळीत पृष्ठभाग हे सारे अभिजात परंपरेचे आहे, आणि त्या आकृतीतील कोणताही भाग तुटलेला नाही.