अंतर्यामीचा देव आणि धम्मपदातील 'अत्ता'

पाश्चात्त्यांचा देव जगाबाहेर आणि पौर्वात्यांचा देव अंतःकरणात, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की, त्याची चिकित्सा करण्याची गरज कोणास वाटत नाही. वेदान्ताच्या शेजारी बुद्धधम्मासही याच कप्प्यात बसविले जाते. आमच्या मते ही केवळ ढोबळ चूक नव्हे. तिने धम्माचा कणाच मोडतो.

मुळात पूर्वेकडेही देवाची कल्पना एक नाही. अद्वैतात जीव आणि ब्रह्म एकच. मध्वाचार्यांच्या द्वैतात ते सदैव भिन्न. जैनांना जगत्कर्ता मान्य नाही, परंतु मुक्त आत्म्यास ते परमात्मा म्हणतात. पूर्वमीमांसकांनी वेद नित्य मानला. जगत्कर्त्याची गरज मानली नाही. अशा परस्परविरोधी मतांना एकच नाव देऊन काय साधते?

भगवान बुद्धांनी यांतील तीन कल्पनांची स्वतंत्रपणे परीक्षा केली आहे. ब्रह्मजाल सुत्तात स्वतःस कर्ता समजणाऱ्या महाब्रह्म्याचा भ्रम उघड केला आहे. तेविज्ज सुत्तात, ज्याला कोणी पाहिले नाही त्या ब्रह्म्याशी एकरूप होण्याचा मार्ग सांगणाऱ्यांची झडती घेतली आहे. अनत्तलक्खण सुत्तात पाचही स्कंध तपासून, त्यांपैकी एकासही 'हा माझा आत्मा' म्हणता येत नाही, असे दाखविले आहे. देव बाहेरचा असो वा आतला, परीक्षेतून कोणाचीच सुटका नाही.

तरीही काही मान्यवर अभ्यासकांनी आतल्या देवासाठी मागचे दार उघडले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आनंद कुमारस्वामी आणि कु. आय. बी. हॉर्नर यांच्या 'द लिव्हिंग थॉट्स ऑफ गोतम द बुद्ध' या ग्रंथात 'अत्ता' या पालि शब्दासाठी इंग्रजी मोठ्या अक्षराने सुरू होणारा 'सेल्फ' योजला आहे. बुद्धांनी लहान 'स्व' नाकारला, थोर 'स्व' नाकारला नाही, असा त्यामागील अभिप्राय. उभयतांच्या विद्वत्तेविषयी आम्हांस आदर आहे. भगवंतांनी उच्छेदवाद स्वीकारला नाही आणि 'अत्ता' हा शब्द ते गौरवानेही वापरतात, हा त्यांचा मुद्दा खराही आहे. परंतु पालि भाषेत लहान-मोठी अक्षरे नाहीत. तो भेद ग्रंथातला नव्हे, छापखान्यातला आहे.

धम्मपदाच्या अत्तवग्गातील १६० वी गाथा या मताचा मुख्य आधार मानली जाते. मनुष्य स्वतःच स्वतःचा स्वामी, असा तिचा आशय. पण त्याच वग्गातील १६५ वी गाथा सांगते की, पाप स्वतःच केले जाते, मलिनही स्वतःच होते आणि शुद्धीही ज्याची त्यालाच करावी लागते. 'अत्ता' हा अंतर्यामीचा देव असेल, तर तो मलिन कसा होईल? आणि मलिन होत असेल, तर त्यास देव का म्हणावे? महापरिनिब्बान सुत्तातही स्वतःस शरण जाण्याचा उपदेश आहे. तो कसा आचरावा, याचे उत्तर तेथेच येते: काया, वेदना, चित्त आणि धर्म यांचे सजग निरीक्षण करून. तेथे देवाचा मागमूस नाही.

मराठी वाचकास हे समजणे अवघड नाही. आपला 'आपण' हा शब्द प्राकृतातून, मूळ 'आत्मन्' या शब्दापासूनच आला आहे. पण 'आपले काम आपण करावे' असे म्हणताना कोणाच्या मनात परमात्मा नसतो. म्हणून भाषांतरकारांनी अशा ठिकाणी 'अत्ता' म्हणजे 'आत्मा' असे न लिहिता 'आपण' वा 'स्वतः' लिहावे, अशी आमची सूचना आहे.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. सर्वांच्या ठायी एकच ब्रह्म आहे असे शतकानुशतके शिकविणाऱ्या समाजात माणसाला माणसाचा विटाळ झाला. ब्रह्माच्या या सिद्धान्तातून लोकशाही का जन्मली नाही, हा प्रश्न बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये उपस्थित केला आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ब्रह्मसायुज्यावर आधारलेल्या धम्मास त्यांनी मिथ्या धम्म ठरविले, ते याच जाणिवेने. आतला देव सदैव शुद्धच असतो. त्यामुळे त्याच्या नावाने अन्याय करणाऱ्यास लाज वाटत नाही. धम्मातील 'आपण' शुद्ध व्हायचे असते, आणि त्याची कसोटी दुसऱ्या माणसाशी होणाऱ्या आपल्या वर्तनात लागते.