यात्रेचे दोन शेवट : बन्यनच्या रूपककथेचा पुनर्विचार

लांब पल्ल्याची पायी यात्रा वर्णन करणाऱ्या लेखकाची कसोटी वाटेत लागत नाही. ती मुक्कामी लागते. वाटेवर चिखल असतो, चढ असतात, सोबती भेटतात आणि सुटतात. सांगण्यासारखे पुष्कळ असते. यात्रिक एकदा पोहोचला म्हणजे लेखकाची बहुधा पंचाईत होते. एक तर तो भारावून जातो, किंवा दोन ओळींत उरकून घेतो. जॉन बन्यन याच्या सुप्रसिद्ध रूपककथेकडे आम्ही येथे याच दृष्टीने पाहणार आहोत. तिचा पहिला भाग १६७८ साली व दुसरा १६८४ साली प्रसिद्ध झाला. हरि केशवजी यांनी ती १८४१ साली 'यात्रिक क्रमण' या नावाने मराठीत आणली, आणि तेव्हापासून आमच्या व्यासपीठांवरून ती सतत ऐकू येत आली आहे. ऐकू येतो तो मात्र बहुतांशी पहिला भाग, आणि त्यातलाही शेवट अर्धामुर्धाच. (पात्रांची नावे आम्ही पुढे अर्थाला धरून दिली आहेत; कोणत्याही भाषांतरातील शब्दांचा आग्रह नाही.)

पहिल्या भागाच्या अखेरीस 'ख्रिस्ती' आणि 'आशावंत' नदीशी येतात. नगर पलीकडे दिसत असते, पण नदीवर पूल नाही. पाणी सर्वत्र सारखेच खोल आहे काय, असे ते विचारतात. तेथील राजावर तुमचा जसा विश्वास असेल तसे ते खोल किंवा उथळ लागेल, असे त्यांना उत्तर मिळते. पाण्यात उतरताच ख्रिस्ती बुडू लागतो. दलदल, दरी, राक्षसाचा किल्ला हे सारे पार केलेल्या या मनुष्याला अगदी अखेरच्या टप्प्यावर अंधार येतो आणि पूर्वीची पापे आठवतात. आशावंताला मात्र तळ लागलेला असतो, आणि तो सोबत्याचे डोके पाण्यावर धरून ठेवतो. एकाच पाण्यात एकाला तळ आहे व दुसऱ्याला नाही! मरणासंबंधी इतके खरे आणि इतके थोडक्यात लिहिलेले आमच्या वाचनात फारसे नाही. कित्येक वर्षे मंडळीची सेवा केलेल्या वडीलधाऱ्यांचे अखेरचे दिवस भीतीने झाकोळलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या प्रसंगाचे मोल सांगावयास नको. अशा मृत्यूनंतर घरची माणसे, यांचा विश्वास कमी पडला काय, अशी शंका मनात धरून बसतात. बन्यन त्यांना सांगतो की बुडू लागलेला मनुष्यही पैलतीरी पोहोचला.

येथेच व्यासपीठावरील परंपरेबद्दल आमची पहिली तक्रार आहे. घरदार सोडून, कानांत बोटे घालून एकटा धावणारा ख्रिस्ती प्रवचनांतून पुन्हा पुन्हा येतो. पाण्यात त्याला सावरणारा आशावंत क्वचितच येतो. कथेत मात्र ख्रिस्ती निघतो एकटा, पोहोचतो दुसऱ्याच्या आधाराने. हा फरक लेखकाने हेतुपूर्वक ठेवलेला आहे. आधीचा सोबती 'विश्वासू' बाजारनगरीत जाळला गेला. त्याच नगरीतून आशावंत निघाला. एकाच्या मरणातून दुसऱ्याला सोबती मिळावा, ही रचना ज्याच्या लक्षात येणार नाही त्याने ग्रंथ वाचला असे म्हणता येणार नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. दोघे नगरात शिरल्यावर बन्यन मागे वळून पाहतो. 'अज्ञान' नावाचा यात्रिक 'व्यर्थाशा' नावाच्या नावाड्याच्या होडीतून, अंगाला पाणी न लागता, सुखाने पलीकडे येतो. दारावर त्याच्याकडे दाखला मागतात; तो छातीशी चाचपतो, त्याला काही सापडत नाही, तो निरुत्तर होतो. त्याला बांधून डोंगराच्या कुशीतल्या दारातून नरकात टाकतात. स्वर्गाच्या वेशीपासूनही नरकाला वाट आहे, या जाणिवेने स्वप्न संपत येते. लग्नाचे वस्त्र नसलेल्या पाहुण्याचा दृष्टांत (मत्तय २२:११-१३) यामागे उघड आहे.

हा 'अज्ञान' आमच्याकडील उपदेशांत कोण होतो? बहुतेक वेळा शेजारचा हिंदू, किंवा बाप्तिस्मा न घेतलेला भाऊबंद. हे वाचन सर्वस्वी चुकीचे आहे. बन्यनचा अज्ञान मूर्तिपूजक नाही. तो प्रार्थना करतो, उपास करतो, दशांश देतो, दानधर्म करतो, प्रत्येकाचे देणे चुकते करतो, आणि यात्रेसाठी देश सोडून आलेला आहे. दोष एवढाच की आपण चांगले वागलो म्हणजे दार उघडणारच, अशी त्याची खात्री आहे. असा मनुष्य शोधायला पंढरपुरास जावे लागत नाही. तो उपासनामंदिरात पुढच्या बाकावर बसलेला असतो, आणि कधी कधी व्यासपीठावरही असतो.

या गैरसमजाला आपल्या भाषेनेही हातभार लावला असावा. मराठीत 'अज्ञान' या शब्दात करुणा आहे. कायद्याच्या भाषेत वयात न आलेले मूल अज्ञान असते. अज्ञानाने घडलेला अपराध आपण पोटात घालतो. बन्यनच्या मनातील दोष निरागस नाही. तो 'घमेंड' नावाच्या मुलखातून आलेला आहे. 'आत्मतुष्ट' असे काहीसे नाव अधिक जवळ गेले असते. नाव चुकले की शिक्षा क्रूर वाटू लागते, आणि उपदेशकाचे बोट भलत्याकडे वळते.

तरीही, हे सारे मान्य करून, हा शेवट आम्हांला पूर्ण पटत नाही. पायी चालत आलेल्यास दारावरून परत लोटण्याचा अर्थ मराठी वाचकाला निराळा कळतो. पंढरपुरास मंदिराच्या महाद्वारासमोर चोखामेळ्याची समाधी आहे. त्याच्या समाजाची वाट शतकानुशतके तेथेच संपत होती. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले तेव्हा कोठे ते दार उघडण्याची पाळी आली. इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहातील 'वाटचाल' या लेखात, एकाच दिंडीत चालणाऱ्या निरनिराळ्या जातींच्या बाया वेगवेगळ्या पंगतींत जेवतात याची खंत नोंदविली आहे. आपल्याही मंडळ्यांतून बाकांचा आणि पंगतींचा हा इतिहास घडला आहे; तो येथे उगाळत बसत नाही. दाखला कोण तपासतो आणि कोणाचा, हा प्रश्न मात्र या भूमीतील वाचकाला बन्यनपेक्षा अधिक बोचतो.

आता दुसरा भाग. ख्रिस्तीची पत्नी 'ख्रिस्तियाना', तिची चार मुले आणि 'दया' नावाची तरुणी 'विशालहृदय' या वाटाड्याबरोबर निघतात. समीक्षक याला पहिल्यापेक्षा सैल म्हणतात, आणि ते खरे आहे; संभाषणे लांबतात, विवाह जुळतात, औषधे दिली जातात. शेवट मात्र सैल नाही. वाटेत या मेळ्याला दुर्बळ माणसे भेटत जातात. 'दुर्बळमन' म्हणतो, मला तुमच्याबरोबर चालवणार नाही. वाटाड्या सांगतो की तुमच्यासाठी थांबणे हेच माझे काम आहे. तेवढ्यात कुबड्या घेतलेला 'लंगडत्या' येतो आणि आपली एक कुबडी त्याला देऊ करतो. पुढे राक्षस मारला जातो तेव्हा हाच लंगडत्या एका हातात कुबडी धरून 'भयभीता' नावाच्या मुलीबरोबर नाचतो. विनोद आणि ममता यांचा असा मिलाफ पहिल्या भागात नाही.

नदीकाठी हा सगळा मेळा एकत्र थांबतो. बोलावणे एकेकाला येते. ख्रिस्तियानाला निरोप येतो तो प्रेमाने धार लावलेल्या बाणाच्या खुणेसह. ती जाताना मुले रडतात आणि वाटाड्या वाद्य वाजवितो. लंगडत्या कुबड्या मुलाच्या नावे ठेवून जातो. दुर्बळमन आपले दुबळे मन उकिरड्यात पुरावयास सांगतो, कारण ते कोणाला द्यावे अशी वस्तू नव्हे. आयुष्यभर भ्यालेली भयभीता गात गात पाण्यातून जाते, पण ती काय गाते ते काठावरच्या कोणालाच कळत नाही. येथे बन्यनचा संयम पाहावा; त्याने तिच्या तोंडी एखादे भजन घातले असते तर ते आम्ही विसरून गेलो असतो.

आणि तो सर्वांना पार पोहोचवीत नाही. मुले, सुना, नातवंडे अलीकडेच राहतात, त्या ठिकाणच्या मंडळीच्या वाढीसाठी. वाटाड्यालाही बोलावणे आल्याचे तो सांगत नाही. दुसरे यात्रिक येणारच. वारीशी हा शेवट किती जवळ येतो! बेळगाव-खानापूरकडून दिंड्या जाताना आम्ही पाहतो, परत येतानाही पाहतो. कित्येक वारकरी नुसत्या कळसाचे दर्शन घेऊन समाधान मानतात; पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो, पालख्या परत फिरतात, आणि मनुष्य शेतात जाऊन उभा राहतो. वारीत पोहोचणे म्हणजे संपणे नव्हे. बन्यनची नदी परत येऊ देत नाही, हा मूलभूत भेद आम्ही पुसू इच्छित नाही. ख्रिस्ती आशा दरसाल फिरून येणारी नाही. पण पूर्वजांची परिपूर्णता आपल्यावाचून व्हावयाची नव्हती, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र (११:३९-४०) सांगते. त्या वचनावरील भाष्य पहिल्या भागाच्या शेवटात सापडत नाही. दुसऱ्याच्या शेवटात, काठावर वाट पाहत बसलेल्या माणसांत ते सापडते.

सहा वर्षांच्या अंतराने लिहिलेला हा दुसरा शेवट पहिल्याची दुरुस्ती आहे काय? तसे म्हणण्यास आधार नाही. डोंगरातले ते दार बन्यनने पुढे बुजविले नाही. दुसऱ्या भागात नदीपर्यंत आलेला एकही मनुष्य तेथून परतविला जात नाही, एवढेच. दोन्ही भाग एकाच बांधणीत मिळतात तेव्हा अभ्यासकाने ती शेवटची पाने एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत, आणि पुढल्या अंत्यविधीच्या उपदेशासाठी कोणते पान उघडावयाचे ते मगच ठरवावे.