टोपणनाव आणि खाते : ओळखीच्या सीमारेषा

राम गणेश गडकरी यांनी कविता ‘गोविंदाग्रज’, विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने आणि नाटके स्वनामाने लिहिली. प्रत्येक नावाबरोबर वाचकाची अपेक्षा बदलत असे. फेसबुक मात्र मुख्य खात्यासाठी व्यवहारातील नावाचा आग्रह धरते. परिणामी मैत्रीण, नातलग आणि अनोळखी गावकरी एकाच वाचकवर्गात जमा होतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी मजकूर लिहिणारी आणि त्यास पसंती दर्शविणारी अशा पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोडही झाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. तथापि, जमावाला कलमाची गरज नसते. म्हणून टोपणनावास केवळ लबाडी मानणे अन्यायाचे ठरेल. स्वतःची सीमा आखण्याचे ते मराठी साहित्यपरंपरेने मान्य केलेले साधन आहे.