बॅटमन : कर्त्याचा की वाचकांचा?

पाठ्यपुस्तकाआड दडवलेल्या चित्रकथा आम्ही आजवर कितीतरी वेळा जप्त केल्या आहेत. परंतु त्या वाचल्याखेरीज परत केल्या नाहीत, हेही कबूल केले पाहिजे. त्या वाचनातून एक वाङ्मयीन प्रश्न उभा राहिला. जे पात्र आठ दशकांहून अधिक काळ अनेक लेखकांच्या हाती वाढते, ते कोणाचे म्हणावे? अमेरिकेतील ‘बॅटमन’चे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९३९ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात तो अवतरला. चित्रकार बॉब केन व लेखक बिल फिंगर हे त्याचे जनक. त्या पहिल्या कथेत त्याच्या ठोशाने एक गुन्हेगार आम्लाच्या टाकीत पडून मरतो आणि नायकास त्याची खंत वाटत नाही. डोळ्यांदेखत झालेली आईबापांची हत्या आज त्याच्या चरित्राचे मूळ मानली जाते. ती मात्र ३३व्या अंकात प्रथम सांगितली गेली. त्याच्या हातातील पिस्तूल पुढे संपादकाने काढून घेतले. म्हणजे ज्याला आपण या पात्राचा ‘स्वभाव’ म्हणतो, तो जन्मजात नसून संस्कारित आहे.

१९४० साली रॉबिन हा बालसहकारी आला. बालवाचकास कथेत आपला प्रतिनिधी मिळाला, आणि एकाकी नायकास मन मोकळे करण्यास सोबती मिळाला. येथे वाचकाची ओढ व कलेची गरज एकत्र आल्या. १९६६च्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याच नायकाला हास्यविषय केले. पुढे १९७०नंतर डेनिस ओनील व नील ॲडम्स यांनी त्याचे गांभीर्य परत आणले.

खरी कसोटी आली ती १९८८ साली. जेसन टॉड हा दुसरा रॉबिन अनेक वाचकांना आवडेनासा झाला होता. तो जगावा की मरावा, याचा कौल प्रकाशकांनी दूरध्वनीवरून मागविला. प्रत्येक मतास ५० सेंट आकार होता. मृत्यूच्या बाजूने ५,३४३ व जीविताच्या बाजूने ५,२७१ मते पडली. अवघ्या ७२ मतांनी एका बालकाचा वध ठरला!

कथेच्या अंतर्गत न्यायाऐवजी मतमोजणीने निर्णय व्हावा, हे आम्हांस कलादृष्ट्या गौण वाटते. तथापि येथेच थांबणे अन्यायाचे होईल. पुढील लेखकांनी तो मृत्यू बॅटमनच्या अपराधभावनेचा गाभा केला. २००५ साली जेसन जिवंत परतला, तरी ती जखम भरून आली नाही. आमच्या मते निष्कर्ष हाच की, घटना वाचक देऊ शकतो. तिचा अर्थ मात्र कर्त्यालाच द्यावा लागतो.

आणि त्या कर्त्याचे काय झाले? बिल फिंगर १९७४ साली निवर्तले. बॅटमनचे सहनिर्माते म्हणून त्यांचे नाव अधिकृतपणे छापले जाण्यास २०१५ साल उजाडावे लागले. पात्राच्या जीवनमरणावर मत देणाऱ्या वाचकवर्गाने त्याच्या जनकाचे नाव विचारू नये, ही खेदाची गोष्ट होय.

म्हणून यापुढे एखादी चित्रकथा जप्त केली, तर ती परत देताना विद्यार्थ्यास एवढेच विचारावे : ‘ही कोणी लिहिली?’ रसिकतेचा आरंभ तेथूनच होतो.