सावली पुसलेले फोटो

कोल्हापुरात सध्या जुने फोटो 'नवे' करून देण्याची लाट आली आहे. वर्षश्राद्ध जवळ आलं की ट्रंकेतला पिवळा पडलेला फोटो दुकानात जातो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हातून तुकतुकीत, रंगीत होऊन घरी येतो. गालावरचे देवीचे व्रण गेलेले असतात, इरकलीचा काठ भलत्याच रंगाचा झालेला असतो, नथीची घडण बदललेली असते. नातवंडांना तो आवडतो. ज्यांनी त्या आजीच्या हातचं खाल्लं आहे, ती माणसं मात्र फोटोकडे बघून गप्प होतात.

शिवाजी पेठेतल्या एका घरातला तीन इंची चौकोनी फोटो पाहावा. रंकाळ्याच्या कठड्यावर चार भावंडं ओळीनं बसली आहेत, पाठीमागे शालिनी पॅलेस. धाकट्याचे डोळे मिटले आहेत. पुढच्या फरशीवर एक लांब सावली पडली आहे, कोपरं बाहेर काढून कॅमेरा डोळ्याशी धरलेल्या माणसाची. मागच्या बाजूला शाईनं लिहिलंय : 'माईच्या डोहाळजेवणानंतर. फोटो दादांनी काढला.' दादा त्या घरातल्या बहुतेक फोटोंत नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात असे. इथे ते आहेत, सावलीपुरते.

रोजच्या फोटोग्राफीची सगळी कला या एवढ्याशा कागदात आहे. आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघत, म्हणून काय टिपायचं आणि काय सोडायचं हे घरच्या माणसालाच ठरवावं लागे. कुणाला शेजारी बसवायचं, कुणाच्या हातात बाळ द्यायचं, शेजारच्या काकूंना बोलवायचं की नाही, यात त्या घराची सगळी नाती उतरत. पुढे रंगीत रोल आले, मॅक्सी साईजचे प्रिंट आले आणि छत्तीस फोटोंची चैन झाली. पण रोल धुऊन आल्यावर पाकीट हातोहात फिरे, आत्या मागे नावं लिहून ठेवी. चित्र आणि अक्षर एकाच कागदावर राहत.

या गावाला प्रतिमेची समज नवी नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या आतेमामेभावांनी इथेच नाटकांचे पडदे रंगवले. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी दोघांना लागलेलं सिनेमाचं वेड सोडलं नाही आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा सिनेमा आणला. चेहऱ्यावर उजेड कुठून पडावा, हे ज्या गावानं इतक्या लवकर ओळखलं, त्यानं आज घरातले चेहरे यंत्राच्या मर्जीवर सोडावेत, याचा राग येतो.

पन्हाळ्यावरचे प्री-वेडिंग शूट आणि त्यांचे विटेएवढे जाड करिझ्मा अल्बम यांची दखल घेण्याचं कारण नाही. त्यात नवरा-नवरी सोडून कुणीच नसतं. चौकाचौकांतले वाढदिवसाचे फ्लेक्स पंधरवड्यात उतरतात. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेला 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' मोलाचा आहे, कारण तिथे फोटोबरोबर घरच्यांनी सांगितलेली हकिकतही येते. पण तो पडद्यावर राहतो. घरातली ट्रंक घरानंच सांभाळायची असते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ओसरल्यावर पंचनाम्यात भिंती आल्या, भांडी-कपडे आले, जनावरं आली. अल्बमला रकाना नव्हता. ओल्या फोटोवरचं जिलेटिन फुगतं आणि तसंच वाळलं की फोटो एकमेकांना किंवा फ्रेमच्या काचेला कायमचे चिकटतात. ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात ठेवून हलक्या हातानं सोडवले आणि चेहऱ्याची बाजू वर करून सावलीत वाळवले, तर बरेच वाचतात. चिखलाचा लगदा समजून जे उकिरड्यावर गेलं, त्यातलं कितीतरी वाचलं असतं.

जपानात २०११ च्या त्सुनामीनंतर यामामोतो गावात स्वयंसेवकांनी सुमारे साडेसात लाख फोटो गोळा करून धुतले आणि मालकांपर्यंत पोचवण्याची खटपट केली. जे ओळखू येण्यापलीकडे गेले होते, त्यांचं त्यांनी प्रदर्शन मांडलं. पाण्यानं अर्धा खाल्लेला चेहरा तसाच ठेवला. नवा चेहरा चिकटवला नाही.

इथे उलटं चाललंय. फोटो अजून धड असताना त्यातलं माणूस पुसलं जातंय. दुरुस्ती आणि बनावट यांत फरक आहे. फाटलेला कोपरा जोडणं ही दुरुस्ती. आजीच्या नाकाचा अंदाज करणं ही बनावट, आणि ती देव्हाऱ्याशेजारी हार घालून टांगली की पुढच्या पिढीला तीच आजी. हौस असेल तर रंगीत प्रत करावी, पण मूळ फोटो दुकानात ठेवून येऊ नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ते पुन्हा सुटत नाही. फोनमधले निदान वर्षाला बारा फोटो छापावेत, दादांच्या रोलएवढेच, आणि कुणाकुणाचे आहेत ते मागे लिहावं. आजच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, बॉलपेनचा वळ पुढे उठतो. पक्क्या शाईचं मार्कर पेन घ्यावं.

रंकाळ्याचा तो चौकोनी फोटोही मध्यंतरी दुकानात जाऊन आला. भिंतीवर लावण्याएवढा मोठा, रंगीत झाला. धाकट्याचे डोळे उघडले आहेत. फरशी स्वच्छ आहे. यंत्राला सावली म्हणजे डाग वाटला. मागची बाजू पांढरी आहे.