नवगावच्या सात स्त्रिया

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, ही बेने इस्रायल समाजाची मूळकथा. वाचलेल्यांनी मृतांना तिथेच पुरले, कोकणात तेलाच्या घाण्यावर पोट भरले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. या कथेने स्त्रियांची संख्या नेमकी सांभाळली, नाव मात्र एकीचेही नाही. दंतकथेकडे नावे मागू नयेत, हे खरे. पण ही विस्मृती पुढे लिखित इतिहासातही उतरली. विसाव्या शतकात तर या समाजाला आपल्या आज्या-पणज्यांची ओळख सरकारदरबारी पटवून देण्याची वेळ आली. म्हणून त्या गाळलेल्या नावांचा हिशेब मांडायला हवा.

श्रद्धेपायी देशांतर करणाऱ्या दुसऱ्या एका समाजाशी हे ताडून पाहू. अमेरिकेतले मॉर्मन पंथीय १८४७ पासून बैलगाड्यांनी, आणि १८५६ पासून काही जण हातगाड्या ओढत, युटाला पोचले. १८६९ मध्ये लोहमार्ग पुरा होण्याआधी आलेल्यांच्या लेकी-नातींची एक संस्था १९०१ पासून आहे. आपल्या पणजीचे चरित्र लिहून तिथे जमा करायचे, हा तिचा परिपाठ. वाङ्मय म्हणून ही चरित्रे बहुधा बेताचीच असतात. श्रद्धा, वाटेतले हाल, वाटेत पुरलेले मूल, नव्या गावात लावलेली झाडे, शेवटी समाधानाचे मरण, असा साचा ठरलेला. मनातला संशय, नवऱ्यावरचा राग, सवतीचे दुःख सहसा वगळलेले. तरी त्या साच्यात बाईचे नाव असते, माहेर असते, ती कोणत्या तांड्याबरोबर निघाली हे असते. वाईट लिहिलेल्या चरित्रावर निदान टीका करता येते.

बेने इस्रायलांचे पहिले मोठे स्थलांतर कोकणातून मुंबईत झाले. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मांडवी भागात सिनेगॉग बांधले. समाजाच्या बोलीत ती ‘मशीद’. मशीद स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले, असे अनेक जण सांगतात. पुढे वस्ती उमरखाडी, भायखळा, आग्रीपाडा अशी पसरली. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी समाजाची शाळा काढली. त्याच केहीमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला; तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. ग्रंथ मोलाचा आहे, त्यावाचून पुढच्या अभ्यासकांचे पाऊल पुढे पडत नाही. पण त्याची दृष्टी पाहावी. पलटणीतल्या पुरुषांचे हुद्दे तो नावानिशी नोंदवतो. स्त्रिया येतात त्या बहुतेक चालीरीतींच्या प्रकरणांत, लग्न, बाळंतपण, सुतक यांच्या ओघात आणि अनेकवचनात. आडनावांचेही तेच. दिवेकर, पेणकर, केहीमकर ही गावे पुरुषांबरोबर मुंबईत आली. बायकांची माहेरची गावे लग्नात पुसली गेली.

डॉ. जेरुशा झिराड यांच्यासारख्या स्त्रियांची नोंद राहिलीच की, असे कुणी म्हणेल. राहिली, कारण त्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. प्रश्न आहे तो चाळीतल्या खोलीतले सामान बांधून, मुलांना घेऊन बोटीवर चढलेल्या बाईचा.

१९४८ नंतर दुसरे स्थलांतर सुरू झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत बहुसंख्य समाज इस्रायलला गेला. हा प्रवास सरळ झाला नाही. १९५१ मध्ये काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि आम्हाला मुंबईला परत पाठवा अशी मागणी केली. कामात आणि वागणुकीत रंगभेद होतो, अशी त्यांची तक्रार होती. तुम्ही काळे, तेव्हा काळाच पाव खा, असे आपल्याला सुनावले जाते, हेही तीत होते. १९५२ मध्ये शंभराहून अधिक माणसे खरोखर परत आली, आणि त्यांतल्या अनेकांनी पुढे पुन्हा इस्रायलला जाण्यासाठी खटपट केली. ‘मातृभूमीकडे परतणे’ या एका शब्दप्रयोगात हे येणे-जाणे मावत नाही.

खरा घाव १९६२ चा. तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना दिली, की बेने इस्रायल वधू-वरांच्या बाबतीत आई, आजी आणि त्यामागे जमेल तितकी चौकशी करावी. यहुदी असणे आईकडून ठरते, हा धर्मनियम. म्हणजे ज्या समाजाच्या स्मृतीत आणि इतिहासग्रंथात आईची बाजू निनावी होती, त्याला शुद्धतेचा दाखला मागितला गेला तो आईच्याच बाजूचा. मोठे आंदोलन झाले. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी असल्याचे ठरावाने म्हटले आणि धर्मपीठाने सूचनेतून समाजाचे नाव काढले. मागणी अन्यायाचीच होती. पण तिने एक उणीव उघडी केली, आणि ती उणीव आपल्या वाङ्मयाचीही आहे.

सूचना येण्याच्या आदल्या वर्षी, १९६१ मध्ये, या देशांतराच्या पेचावर एक कादंबरी आली : मीरा महादेवन यांची ‘अपना घर’. लेखिका माहेरची मिरियम जेकब मेंद्रेकर. घरात मराठी बोलणाऱ्या समाजाची ही गोष्ट लिहिली गेली हिंदीत. १९७५ मध्ये ती इंग्रजीत आली, तेव्हा तिचे नाव झाले ‘शुलामिथ’. हा नामबदल मला कळीचा वाटतो. ‘अपना घर’ ऐकताच प्रश्न उठतो तो जागेचा : घर कोणते, इथले की तिथले? ‘शुलामिथ’ म्हणताच तो एका स्त्रीचा होतो : कोणाचे घर? निर्णय घेणारा वेगळा आणि घर मोडून पुन्हा मांडणारी वेगळी, हे देशांतराचे वास्तव पहिल्या शीर्षकात झाकले जाते आणि दुसऱ्यात समोर येते. याच लेखिकेने १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी ‘मोबाईल क्रेश’ सुरू केले. घर पाठीवर घेऊन फिरणारी बाई तिने पुढेही नजरेआड केली नाही.

इतिहास इंग्रजीत, कादंबरी हिंदीत. मग मराठीत काय उरले? गाणी उरली. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायल कीर्तन सुरू झाले. योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, ओवीत रचली गेली. तेव्हा कीर्तनकार पुरुष होते. आज इस्रायलमध्ये ही मराठी पदे टिकवली आहेत ती मुख्यतः स्त्रियांनी, गटाने गाऊन, वह्यांत उतरवून. एलियाहू हन्नबीच्या नावाचा पोहे-खोबऱ्याचा मलिदा करतानाही त्याच असतात.

आपण या पदांकडे लोकसंस्कृतीचा नमुना म्हणून पाहतो आणि पुढे जातो. ती देशांतराचे वाङ्मय म्हणून वाचली पाहिजेत. कोणते पद वहीत आले, कोणते गळाले, कोणत्या ओळीत हिब्रू शब्द शिरला, यात त्या बाईचे न लिहिलेले चरित्र आहे. मुंबईत मराठी शाळा शिकून गेलेली पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे. तिच्या नातवंडांना देवनागरी वाचता येत नाही. वही हाती आली, तर पद उतरवून घेण्याआधी पहिल्या पानावरचे नाव विचारावे, आणि मग माहेरचे गाव.