आधी नोंद, मग हाक

लिनक्सच्या केव्हीएममध्ये, म्हणजे आभासी संगणक (गेस्ट) चालवणाऱ्या भागात, पोस्टेड इंटरप्ट गेस्टकडे पोचवणारं एक छोटंसं फंक्शन आहे. 2013 साली, लिनक्स 3.10 मध्ये गेस्टला न थांबवता इंटरप्ट देण्याची ही सोय इंटेलच्या प्रोसेसरसाठी आली. त्याआधी चालत्या गेस्टला थांबवून होस्टमध्ये, म्हणजे मूळ यंत्रणेत, आणावं लागे, इंटरप्ट हाती देऊन परत धाडावं लागे. ही ये-जा फार महाग पडे.

फंक्शनची पावलं तीनच. समोर 64 बाइटांची एक नोंदवही आहे. तिच्यात 256 बिट, प्रत्येक व्हेक्टरला, म्हणजे इंटरप्टच्या क्रमांकाला, एक. पहिलं पाऊल : आपल्या व्हेक्टरचा बिट लाव; आधीच लागलेला असेल तर परत फीर. दुसरं : ‘नवं काही आलंय’ हे सांगणारा ऑन-बिट लाव, तोही लागलेला असेल तर परत फीर, कारण हाक कुणीतरी मारलेलीच आहे. तिसरं : व्हर्च्युअल सीपीयू गेस्टमध्ये असेल तर त्याला खुणेचा इंटरप्ट पाठव, झोपला असेल तर उठव. ‘परत फीर’ हे दोनदा येतं, आणि दोन्ही वेळा त्यात आळस नसून विश्वास आहे.

खरा रस मात्र क्रमात आहे. पाठवणारा आधी ऑन-बिट लिहितो, मग समोरचा गेस्टमध्ये आहे का ते पाहतो. व्हर्च्युअल सीपीयू आधी ‘मी गेस्टमध्ये चाललो’ असं लिहितो, मग ऑन-बिट पाहतो. दोघांच्याही लिहिण्या-पाहण्यामध्ये मेमरी बॅरियर, म्हणजे हा क्रम उलटू न देणारा अडसर, उभा आहे. त्यामुळे दोघांनी एकमेकांना पाहिलं तर बिघडत नाही. पण दोघंही एकमेकांना चुकले, असं घडूच शकत नाही. अगदी उंबरठ्यावर खूण आली तरी होस्टचे इंटरप्ट त्या वेळी बंद असतात. ती थांबून राहते आणि गेस्टमध्ये शिरताच प्रोसेसर स्वतः नोंदी उचलतो.

हरवलेला इंटरप्ट आरडाओरडा करत नाही. डिस्कचं काम झालेलं असतं आणि गेस्ट त्याचीच वाट पाहत बसलेला असतो. असा दोष शोधताना रात्री जातात. म्हणून या फंक्शनमध्ये मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगाआधी जपलेलं वचन : नोंदलेला निरोप पोचणारच. कुलूप न वापरता, केवळ दोन ओळींच्या क्रमावर हे वचन पाळणारा हा कोड उत्तम लेखनाचा नमुना आहे.